चिंचेखालचा चौदा नंबर

काही माणसांना 'हो' म्हणायची खोड असते. उरकुडे साहेबांना ती इतकी होती, की त्यांच्या बायको सांगायच्या, "मुलगी पसंत आहे का, हे विचारायच्या आधीच यायनं हो म्हणून टाकलं होतं." त्यांच्या तोंडी मात्र नुसतं 'हो' नसायचं. कॉलरच्या आत हात घालून ते मान चोळायचे आणि म्हणायचे, "होऊन जाईल." काम कोणाचंही असो, कितीही अडनिडं असो, साहेबांनी मान चोळली की समजावं, हे आता होणार. आणि ते व्हायचंच. सगळी पंचाईत तिथेच होती.

मी तेव्हा नागपूरलगतच्या वाडीला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिल्ट्या टाइप करायला होते. बिल्टी म्हणजे माल चढवल्याची पावती. ती दाखवल्याशिवाय पलीकडच्या गावी माल हातात पडत नाही. शहरातल्या महाल भागातून दोन बस बदलून येणारी, तोंडानं फटकळ, अशी माझी ख्याती होती आणि ती मी नीट सांभाळली होती. ऐंशीच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. समोरच्या गोडाऊनवाल्यानं एसी बसवला, म्हणून आमच्या मालकांनी, भाईजींनी, कॉम्प्युटर घेतला. कॉम्प्युटरला एसी लागतोच, हे कळल्यावर त्यांना दुप्पट आनंद झाला.

पण यंत्र आणलं म्हणून काम होत नाही, त्याला आपलं काम शिकवावं लागतं, हे आम्हाला कळेपर्यंत त्याच्यावरच्या गुलाबी कापडावर ट्रकची धूळ बसली होती. दोन वाटा होत्या. मुंबईहून तयार प्रोग्राम आणायचा, खोका उघडायचा आणि सुरू. नाहीतर एखादा माणूस बसवून आपल्या कामाच्या मापाचा लिहून घ्यायचा. भाईजींनी फार विचार केला नाही. "मैंने जिंदगी में रेडिमेड कुर्ता नहीं पहना," ते म्हणाले, आणि उरकुडे साहेबांना बोलावणं गेलं.

साहेब मूळचे मौद्याकडचे, शेतकऱ्याघरचे. पक्की सरकारी नोकरी होती, तिथेच ते या यंत्राच्या नादी लागले आणि एक दिवस नोकरी सोडून मोकळे झाले. पक्की नोकरी सोडणारा माणूस आमच्या नागपुरात एकतर साधू होतो, नाहीतर लोक त्याला वेडा ठरवतात. साहेबांचा हिशेब सरळ होता. आमच्याकडे त्यांचा प्रोग्राम उभा राहिला की वाडीतले बाकीचे ट्रान्सपोर्टवाले आपसूक येतील. त्या भरवशावर त्यांनी वाडीतच खोली भाड्यानं घेतली होती. बायकोला घेऊन ते तिथे राहायला आले. खिडकीतून गोडाऊनांचे पत्रे दिसत. "हे सगळे आपलेच गिऱ्हाईक होतीन," असं ते बायकोला दाखवायचे म्हणे.

त्यांची पहिली आठवण म्हणजे डबा. पोळ्यांचा पसरट, मोठा, स्टीलचा डबा घेऊन ते ऑफिसात आले आणि टेबलावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. भाईजींना वाटलं, पाहुणा आल्या आल्या जेवायला बसला. आत मलमलच्या धुतलेल्या तुकड्यांत गुंडाळलेल्या फ्लॉप्या होत्या. त्या काळी प्रोग्राम त्या काळ्या, पातळ चौकोनांवर साठवत.

"धूळ लागली का खतम होते," साहेब म्हणाले.

"आणि पोळ्या?" मी विचारलं.

"त्या कागदात आहेत ना, मंदाताई. त्यायले काय होते धुळीनं?"

खरोखरच त्यांच्या पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असत. वाडीची सगळी धूळ त्या माणसानं पोटात घातली, फ्लॉपीवर पडू दिली नाही.

आम्हाला वाटलं होतं, आता हे यंत्रापुढे बसतील. ते गोडाऊनमध्ये जाऊन एका गाठोड्यावर बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भाईजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ये आदमी काम करने आया है या पिक्चर देखने?" साहेब पाहत होते. माल कसा उतरतो, कोण मोजतो, कोण ओरडतो, कोण ऐकत नाही. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "तुमाले काय पाहिजे?" हमालांना विचारलं, ड्रायव्हरांना विचारलं, झाडू मारणाऱ्या बाईंनाही विचारलं. त्या कंपनीत तोवर कोणी कोणाला काय पाहिजे, हे विचारलं नव्हतं. माझ्याकडे आले तेव्हा माझ्यासारखीचं ततपप झालं. शेवटी मी म्हटलं, छिंदवाड्याचं स्पेलिंग टाइप करून करून माझी बोटं दुखतात. साहेबांनी मान चोळली. आठवडाभरात अशी सोय झाली, की मी पहिली दोन अक्षरं दाबावीत आणि छिंदवाडा पडद्यावर हजर व्हावा. मला त्या दिवशी झालेला आनंद सांगायलाही लाज वाटते, इतकी ती गोष्ट लहान होती.

पण साहेबांचा खरा जीव जडला तो आमच्या मुकादमावर. सुखदेव मुकादम म्हणजे गोडाऊनचा चालता-बोलता नकाशा. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि डोक्यात सगळा माल. गोडाऊनच्या जागांना त्यानं नावं दिली होती. मारुतीचं चित्र लावलेला खांब म्हणजे 'मारुतीपाशी'. एका कोपऱ्यावर बाहेरची चिंच झुकलेली होती, तिच्या सावलीनं तिथला पत्रा तापत नसे, म्हणून उन्हाळ्यात तुपाचे डबे आणि औषधं 'चिंचेखाली'. एका ठिकाणी पत्रा गळायचा, तो कितीही बुजवला तरी गळायचाच, म्हणून 'गळक्यात' फक्त लोखंड. नाव घेतलं की कुठे काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, ते नव्या हमालालाही कळे.

साहेबांनी ती सगळी नावं जशीच्या तशी प्रोग्राममध्ये घातली. अक्षरं इंग्रजी, बोली मुकादमाची. एक दिवस त्यांनी सुखदेवला चपला काढायला लावून एसीच्या खोलीत आणलं. तिथे हमालांना मज्जाव होता. मी बिल्टीचा नंबर दाबला आणि वाचून दाखवलं, "चिंचेखाली."

सुखदेव पडद्याकडे पाहतच राहिला. "ह्याले कसं माहीत गा?"

"तुम्हीच तर सांगितलं," साहेब म्हणाले.

"म्या सांगितलं, पण ह्यानं आयकलं!" सुखदेव म्हणाला आणि त्यानं यंत्राला हात जोडले. साहेबांचे डोळे भरून आले होते. ते नेहमी म्हणायचे, "माणसानं यंत्रासाठी काहून बदलायचं? यंत्रानं बदलावं. त्याले काय त्रास होते?" आम्हाला ते इतकं पटलं होतं, की याच्या उलट कोणी वागत असेल, असं आमच्या मनातही आलं नाही.

वाडीतले दुसरे ट्रान्सपोर्टवाले खरंच बघायला आले. चहा प्याले, वाहवा केली. मग प्रत्येकानं सांगितलं, हे छान आहे, पण आमच्याकडे जरा वेगळं चालतं. एकाकडे चिंच नव्हती, विहीर होती. दुसरा माल गावाप्रमाणे नव्हे, ट्रकप्रमाणे लावायचा. साहेब प्रत्येकापुढे मान चोळून आले. प्रत्येकाचा वेगळा लिहायला घेतला आणि एकही पुरा होईना, कारण सकाळी निघाले की आमच्याकडेच कोणीतरी गाठायचं, "साहेब, एवढं करून देता का?" त्यांच्या बायको एकदा मला म्हणाल्या, "मापाचा सदरा शेजाऱ्याले होते का वं, ताई? हे एकेकाचं माप घेत फिरून राहिले." त्या हसल्या, पण हसू काही पुरतं आलं नाही. त्या खोलीत तेव्हा कपाटही नव्हतं. सगळं घर, पुढे चार गिऱ्हाइकं झाल्यावर काय काय घेऊ, यावर चाललं होतं.

आणि मग 'भांडतो' झालं.

त्याचं असं झालं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होते रंगाचे घाऊक व्यापारी. माणूस भला, पण खिडकीशी आला की एक तरी डबा चेपला म्हणून आकांडतांडव करणारच. आमच्या बुकिंगच्या पोरानं साहेबांना म्हटलं, "यायचं नाव टाकलं का मशीननं आधीच सांगितलं पाहिजे, म्हणजे मी भाईजीले बोलावून घेतो." साहेबांनी मान चोळली. त्या दिवसापासून शेठजींचं नाव टाकलं की पडद्याच्या कोपऱ्यात उमटायचं, BHANDTO. आम्ही हसून हसून बेजार झालो. पुढे कितीतरी दिवसांनी एका ड्रायव्हरनं साहेबांना गाठलं. "पडद्यावर 'काच आहे, सांभाळून' लिवता, पण पलीकडच्या हमालाले ते काय दिसते? बिल्टीवर छापून द्या ना." मागणी रास्त होती. साहेबांनी मान चोळली. कोपऱ्यातला मजकूर बिल्टीवर छापून यायला लागला.

दोन्ही कामं चांगली होती. फक्त ती एकाच कोपऱ्यात होती, आणि दोन्ही एकत्र कोणी पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी शेठजींनी आपली बिल्टी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला आणि खिडकीतून आत विचारलं, "ये क्या लिखा है?"

त्या दिवशी ते भांडले नाहीत. तेच वाईट झालं. शांतपणे बिल्टी घडी करून खिशात ठेवली आणि माल समोरच्या एसीवाल्याकडे नेला.

साहेब भाईजींपुढे उभे होते, मान खाली. "मी दुरुस्त करतो. आत्ता होऊन जाईल." पहिल्यांदाच तो शब्द ऐकून कोणाला बरं वाटलं नाही.

भाईजींचा मुलगा किशोर नुकताच पुण्याहून व्यापाराचं शिक्षण घेऊन आला होता. तो वाईट नव्हता. हे लिहायला माझा हात जड होतो, पण नव्हता. त्यानं मुंबईच्या रेडिमेड प्रोग्रामवाल्याला बोलावलं. टाय लावलेला तो माणूस जेवणाच्या सुट्टीआधी आला आणि सुट्टी संपायच्या आत सगळं दाखवून मोकळा झाला. चकचकीत पुस्तक, कुठेही कोणालाही शिकता येईल असं, बिघडलं तर फोन करा. सुखदेव दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "आन् चिंचेखाली कुठं टाकाचं?"

"जागेला नंबर द्या," टायवाला म्हणाला. "इथे फक्त नंबर बसतो."

"काहून?"

"काहून म्हणजे? तसंच आहे ते."

साहेब पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता. भाबडा माणूस. त्यांना वाटलं, आता सगळ्यांना दिसलंच असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

मग किशोरनं विचारलं, आवाज न चढवता, "काका, तुम्ही उद्या नसलात, तर तुमचा प्रोग्राम दुसऱ्या कोणाला समजेल?"

साहेबांचा हात मानेकडे गेला. तिथेच थांबला.

"कोनाले नाही," ते म्हणाले. "पण मी येतो ना रोज."

भाईजी बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. मग म्हणाले, "उरकुडेजी, सिला हुआ कुर्ता अच्छा होता है. लेकिन दर्जी एक ही हो, तो डर लगता है." त्यांना ते बोलताना वाईट वाटत होतं, हे आम्हाला दिसत होतं. साहेबांनाही दिसलं असावं, कारण उलट त्यांनीच भाईजींना म्हटलं, "नाही नाही, बरोबर आहे तुमचं."

मला त्या वेळी संताप आला. भाईजींचा, किशोरचा आणि सगळ्यात जास्त साहेबांचा. अहो, एकदा तरी भांडायचं होतं! तेही त्यांना जमलं नाही. तिथेही हो म्हणून टाकलं.

पुढचं मी पाहायला नको होतं. जुना सगळा माल, गिऱ्हाइकं, गावं, नव्या प्रोग्राममध्ये हलवायची होती आणि ते साहेबांशिवाय कोणाला येणार? किशोरनं विचारलं, साहेब आले. गोडाऊनमध्ये हमाल भिंतींवर पिवळ्या रंगानं नंबर घालत होते. साहेब सुखदेवला एकेक विचारत आणि टाइप करत. मारुतीपाशी म्हणजे तीन. गळकं म्हणजे नऊ. "चिंचेखाली?" "चौदा लिवलं तिथं," सुखदेव म्हणाला. साहेबांनी चौदा टाकलं. नावाला तिथे जागाच नव्हती. संध्याकाळी त्यांनी फ्लॉप्या एकेक करून किशोरच्या टेबलावर ठेवल्या, मलमलचे तुकडे झटकले, घडी केली आणि रिकामा डबा हुंगला.

"प्लॅस्टिकचा वास येते," मला म्हणाले. "दोन दिवस उन्हात ठेवला का जाईल. आता पोळ्या आणता येतीन यात."

आणायच्या कुठे, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना यायचं कारण उरलं नव्हतं. बाकीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनीही तेच मुंबईचं खोकं घेतलं. विहीरवाल्यानं घेतलं, ट्रकवाल्यानंही घेतलं, आणि त्यांची कामं त्या खोक्यासारखी झाली. खोलीच्या खिडकीतून दिसणारे सगळे पत्रे एकाएकी परके झाले. थोड्याच दिवसांत ती खोलीही रिकामी झाली.

आमच्याकडे पावसाळ्यात एका नव्या हमालानं साखरेची पोती नऊ नंबरात रचली. त्याला नऊ सांगितलं होतं, त्यानं नऊ केलं. गळकं म्हणून कोणी सांगितलं असतं, तर त्यानं तिथे साखर ठेवली नसती. सकाळी पाहतो तर गोडाऊनभर पाक आणि मुंगळे. बोल आला सुखदेववर. मुकादम असून लक्ष नाही, म्हणून. तो खर्रा थुंकला, घरी गेला आणि पुन्हा आला नाही. मला छिंदवाडा पुन्हा पूर्ण टाइप करावा लागे. या दोन गोष्टी शेजारी मांडणं बरं नव्हे, पण बोटं दुखली की मला दोघंही आठवत.

वर्ष उलटलं. नव्या प्रोग्रामचं आणखी नवं काहीतरी निघालं आणि ते शिकायला किशोरनं मला नागपुरातल्याच जरीपटक्याला एका क्लासमध्ये पाठवलं. बाजाराच्या गर्दीतून वाट काढत, कापडाच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून मी वर गेले आणि मागच्या बाकावर बसले. पुढे फळ्याशी उरकुडे साहेब उभे होते.

केस पांढरे झाले होते. बाकी तसेच. रबरी स्लिपर, खडूनं माखलेला हात. कोणती कळ दाबली की काय होतं, ते मुंबईच्या पुस्तकाबरहुकूम सांगत होते. खणखणीत सांगत होते, चूक काढायला जागा नाही. मला वाटलं, पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यात काही वावगं नाही. बरंच झालं, काहीतरी मिळालं.

मग पुढच्या बाकावरच्या एक बाई उठल्या. बांगड्यांचं दुकान होतं त्यांचं. म्हणाल्या, "सर, आमच्याकडं बायका नाव नाही सांगत, हात पुढे करतात. कोणाचा हात केवढा, आमाले पाठ असते. तर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी हाताचं माप टाकता येईल का?"

मी ताठ बसले. इतका सुंदर प्रश्न, आणि तो नेमका या माणसाला! साहेबांचा हात वर गेला, कॉलरच्या आत शिरला. मी मनातल्या मनात तो शब्द म्हणूनही टाकला.

हात तसाच बाहेर आला. "नाही होत," ते म्हणाले. "यात ते बसत नाही, बाई. नाव विचारत जा त्यायले."

"पण सांगत नाहीत ना."

"मग सवय लावा." आणि ते फळ्याकडे वळले.

क्लास सुटल्यावर जिन्याच्या तोंडाशी त्यांनी मला ओळखलं. "मंदाताई!" म्हणाले. तब्येतीची विचारपूस केली, भाईजींची केली. सुखदेवचं विचारलं, मी सांगितलं. ते कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिले. मला काहीतरी चांगलं सांगायचं होतं आणि चांगलं काही सुचेना. सुचलं ते भलतंच. मी म्हटलं, "साहेब, ती चिंचही तोडली हो. रस्ता रुंद केला ना."

"तोडली?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. मग मान हलवली, एखादी जुनी चूक सुधारल्यासारखी.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता चौदा नंबर बरोबर आहे."

वरून कोणीतरी सर म्हणून हाक मारली. पुढची तुकडी येऊन बसली होती. ते स्लिपर वाजवत जिना चढून गेले.